कोरड्या उतारावरचे मिश्र ओक

महाराष्ट्रात ओक नाही. सह्याद्रीच्या घनदाट जंगलातही तो निसर्गतः उगवत नाही. भारतात ओक पाहायचा तर हिमालयात किंवा ईशान्येकडच्या डोंगरांत जावं लागतं. उत्तराखंडात फिरलेल्यांना बांज, मोरू, खरसू ही नावं ठाऊक असतील. माझा जन्म माण तालुक्यातला, त्यामुळे बाभूळ, बोर आणि हिवर यांच्या सावलीत वाढलेल्या मला ओक म्हणजे थंड, ओल्या देशातला भारदस्त वृक्ष एवढंच माहीत होतं. कृषिशास्त्राची पदवी घेऊन वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र शिकायला मी अमेरिकेत गेले आणि युटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ओकांवरच्या एका संशोधनात कामाला लागले. तिथे पहिल्यांदा पाहिलेला ओक माझ्या कमरेएवढा होता, आणि त्याच्या पानांना काटे होते.

त्या भागात सेंट जॉर्ज नावाचं शहर आहे. वर्षाचा पाऊस सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या माणदेशापेक्षाही कमी. शहराच्या उत्तरेला पाइन व्हॅलीची डोंगररांग तीन हजार मीटरच्या वर चढते. पायथ्याला तांबडी माती, खडक, कॅक्टस आणि क्रिओसोटची झुडपं. वर गेलं की ज्युनिपर, पिन्यन पाइन आणि माथ्याकडे फर. काही तासांच्या चढणीत हवामानाचे इतके थर ओलांडता येतात, की वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याला ही रांग उघड्या प्रयोगशाळेसारखी वापरता येते.

या उतारावर दोन ओक राहतात. वरच्या अंगाला गॅम्बेल ओक, शास्त्रीय नाव क्वर्कस गॅम्बेलाय. त्याची पानं हाताच्या तळव्याएवढी, खोल गोलाकार खाचांची. हिवाळ्यात तो पूर्ण उघडा होतो. जमिनीखाली त्याची जाड, गाठाळ खोडं आणि आडवी पसरणारी मुळं असतात आणि त्यांतून तो नवे धुमारे फोडतो, म्हणून डोंगरावर दिसणारा ओकांचा एखादा अख्खा पुंजका प्रत्यक्षात एकच झाड असू शकतो. खालच्या कोरड्या अंगाला झुडूप ओक, क्वर्कस टर्बिनेला. त्याची पानं दोन-तीन सेंटिमीटरची, जाड, राखाडी हिरवी, कडेला टोचणारे दात असलेली. तो बारमाही हिरवा राहतो. दोघंही पांढऱ्या ओकांच्या गटातले. परागकण वाऱ्यावर जाणारे, फुलोरा वसंतात. खालचा आधी फुलतो, वरचा नंतर, पण मधल्या पट्ट्यात दोघांच्या फुलण्याच्या वेळा एकमेकांत शिरतात. तिथेच त्यांचा संकर होतो.

या संकरित झाडांची ओळख पटवणं हे माझं पहिलं काम होतं. पान हातात घ्यायचं, खाचा किती खोल आहेत ते मोजायचं, खाचेचं टोक गोल आहे की अणकुचीदार हे पाहायचं, पानाच्या पाठीवरची लव भिंगातून तपासायची, जाडी आणि वजन टिपायचं. हिवाळ्यात पुन्हा त्याच झाडापाशी जाऊन पानं गळली का, अर्धी राहिली का, की तशीच आहेत हे लिहायचं. संकरित झाडाची पानं उथळ खाचांची, टोकाला बारीक काटा असलेली, बरीचशी वसंतापर्यंत फांदीवर टिकणारी. पण हे वर्णन सरासरीचं झालं. एका झाडाचं पान गॅम्बेलकडे झुकलेलं, तर दहा पावलांवरच्या दुसऱ्याचं झुडूप ओककडे. एकाच पुंजक्यात पान मोठं पण जाड, दुसरीकडे लहान पण मऊ. संकरित झाडंही पुन्हा मूळ आईबापांच्या जातीशी संकर करतात, आणि त्यांची पिढी आणखी पसरते. तिथे दोन जाती आणि त्यांच्या मधोमध तिसरी असं चित्र नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पसरलेली, बारीक बारीक फरकांची झाडं होती.

वनस्पतिशास्त्रज्ञांनाही या मिश्र ओकांनी बराच काळ चकवलं. एकोणिसाव्या शतकापासून या संकरांना स्वतंत्र जाती समजून वेगवेगळी नावं दिली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचे जॉन टकर यांनी चिकाटीने अभ्यास करून दाखवलं, की ज्यांना लोक स्वतंत्र जाती समजत होते तो गॅम्बेल ओकच्या वेगवेगळ्या कोरड्या प्रदेशांतल्या ओकांशी झालेल्या संकरांचा समूह आहे. एकीकडे झुडूप ओक, दुसरीकडे वाळूच्या टेकड्यांवर वाढणारा हॅवर्ड ओक, तिसरीकडे न्यू मेक्सिकोचा करडा ओक. प्रत्येक ठिकाणी गॅम्बेलने आपल्यापेक्षा कोरडं सोसणाऱ्या सोबत्याशी नातं जोडलं होतं.

माझं मुख्य काम मात्र पाण्याचं होतं. कोरड्या जागी झाड कसं जगतं हे विचारायचं तर त्याच्या अंगातलं पाणी किती ताणाखाली आहे हे पाहावं लागतं. त्यासाठी आम्ही प्रेशर चेंबर वापरायचो. 1965 मध्ये पेर शोलांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साधनाने झाडांमधला ताण मोजून दाखवला आणि तेव्हापासून रानात जाणाऱ्या प्रत्येक वनस्पती-अभ्यासकाच्या गाडीत ही जड लोखंडी पेटी असते. उजाडायच्या आधी, झाडाने रात्रभर जमिनीतून पाणी ओढून घेतलेलं असताना, डोक्याला दिवा बांधून आम्ही उतारावर पोहोचायचो. धारदार पात्याने डहाळी कापायची, तिचं कापलेलं टोक रबरी बुचातून बाहेर ठेवून बाकीची डहाळी पेटीत बंद करायची, आणि नायट्रोजनच्या टाकीतून हळूहळू दाब वाढवायचा. विहिरीवर बैल मोटेचा दोर ओढतात तेव्हा तो जसा ताणलेला असतो, तसं झाडातलं पाणी मुळापासून पानापर्यंत ताणलेलं असतं. डहाळी कापली की ते आत सरकतं. बाहेरून दिलेला दाब त्या ताणाइतका झाला की पाणी पुन्हा कापलेल्या टोकावर येतं. भिंगातून टोक ओलं झालेलं दिसलं की आकडा वाचायचा, ओरडून सांगायचा, सोबत्याने वहीत लिहायचा. दुपारी, उन्हाचा कडाका असताना, पुन्हा त्याच झाडांची तीच परीक्षा.

उन्हाळ्याच्या पहिल्या भागात, मे आणि जूनमध्ये, तिथे जवळजवळ पाऊस नसतो. बर्फ वितळून मुरलेलं पाणी हळूहळू संपत जातं. जुलैपासून मेक्सिकोकडून मोसमी ढग येतात, पण ते दरवर्षी सारखे बरसत नाहीत. या दोन टप्प्यांमध्ये झाडांचे आकडे बदलताना पाहणं हाच माझ्या कामातला सगळ्यात मोठा आनंद होता. झुडूप ओक जास्त ताण सोसूनही पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे रंध्रं, उघडी ठेवून अन्न तयार करत राहायचा. गॅम्बेल ताण वाढला की लवकर पानांची रंध्रं मिटून घ्यायचा. कोरडेपणाला तोंड देण्याचे दोघांचे मार्ग वेगळे होते.

यामागचं लाकूडही वेगळं आहे. गॅम्बेलच्या खोडात वसंतात रुंद जलवाहिन्यांचं एक कडं तयार होतं. त्या वाहिन्यांतून पाणी भराभर वाहतं, पण गोठण्यात किंवा अति ताणात त्यांत हवेचे बुडबुडे शिरून त्या बंद पडण्याचा धोका मोठा, म्हणून दर वसंतात नवं कडं घालावं लागतं. बारमाही झुडूप ओकच्या वाहिन्या बारीक, प्रवाह मंद, पण ताणाखाली टिकणारा. शिवाय हिवाळ्यातही ऊन पडलं की त्याची पानं काम करतात. संकरित झाडांत या गुणांची सरमिसळ होते. कुणाला रुंद वाहिन्या आणि लहान पानं मिळतात, कुणाला बारीक वाहिन्या आणि मोठी पानं. यातलं कोणतं मिश्रण टिकेल हे उताराची दिशा, मातीची खोली आणि त्या जागी उन्हाळी पाऊस पोहोचतो की नाही यावर ठरतं.

पाण्याचा ताण एका क्षणाचा असतो. पूर्ण हंगामात झाडाने पाणी कसं खर्च केलं हे समजायला आम्ही पानातला कार्बन वापरायचो. हवेतल्या कार्बनमध्ये सुमारे 1.1 टक्के भाग थोडा जड असतो, कार्बन-13. रंध्रं मोकळी असतात तेव्हा पान हलका कार्बन वेचून घेतं आणि जड मागे टाकतं. रंध्रं मिटली की आत हवा कमी येते, मग निवड करायला वाव राहत नाही आणि जड कार्बनही पानात बांधला जातो. म्हणजे पानातल्या जड कार्बनचं प्रमाण पाहून झाडाने पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे किती अन्न बनवलं याचा अंदाज येतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅहम फार्क्वार यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या नात्याचं गणित मांडलं. युटा विद्यापीठातल्या जिम एलेरिंगर यांच्या गटाने तेच तंत्र गॅम्बेल, झुडूप ओक आणि त्यांच्या संकरांवर वापरलं. आमची सगळी मेहनत त्याच वाटेवरची होती: पानं वाळवायची, कुटून पीठ करायचं, काही मिलिग्रॅम कथिलाच्या चिमुकल्या डबीत भरून यंत्राला द्यायचं.

या कामातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की रुजली. संकरित झाड म्हणजे दोघांच्या मधोमध उभं राहिलेलं झाड नव्हे. पानाच्या आकारावरून गॅम्बेलसारखी दिसणारी काही झाडं पाण्याच्या बाबतीत झुडूप ओकसारखी कडक वागत होती. पानं लहान आणि काटेरी असूनही काही झाडं पहाटे पाण्याने चांगली भरलेली असायची, म्हणजे त्यांची मुळं खोल ओलाव्यापर्यंत गेलेली होती. आकार, मुळं, रंध्रं, लाकूड हे सगळे गुण एकत्र बांधलेले नसतात. संकरात ते सुटे होतात आणि नव्या जोड्या जुळतात. यातल्या बहुतेक जोड्या साध्या, काही वाईट, आणि थोड्या त्या विशिष्ट उताराला अगदी योग्य. कोरडी जमीन निवड करते ती या थोड्यांची.

निवड कुठे होते, हेही तिथेच समजलं. मोठं झाड कोरड्या वर्षात सहसा मरत नाही. सॉल्ट लेक सिटीजवळच्या मोठ्या गॅम्बेल ओकांवर एलेरिंगर यांच्या गटाने 1990 च्या दशकात केलेल्या अभ्यासात दिसलं, की ती झाडं उन्हाळी पाऊस फारसा घेतच नाहीत. त्यांची मुळं हिवाळी बर्फाचं खोल मुरलेलं पाणी पितात. खरी परीक्षा रोपट्याची असते. पांढऱ्या ओकांचं फळ जमिनीवर पडलं की आधी खाली मूळ सोडतं, वर कोंब नंतर येतो. स्क्रब-जे पक्ष्यांनी पुरून ठेवलेल्या आणि विसरलेल्या फळांतून कितीतरी रोपं येतात. या कोवळ्या रोपाचं मूळ अजून वितभर असताना उन्हाळा येतो. रोनाल्ड नीलसन आणि वुलस्टीन यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की या दोन्ही ओकांच्या उत्तर सीमा बऱ्याच अंशी रोपांच्या मरणाने ठरतात: वसंतातला उशिराचा थंडीचा कडाका आणि उन्हाळ्यातला कोरडेपणा. आमच्या उतारावरही कोरड्या मे-जूननंतर उघड्या जागेतली रोपं सुकलेली दिसायची आणि मोठ्या झुडपाच्या सावलीतली जिवंत असायची. मोठं झाड शेकडो वर्षं जागा धरून ठेवतं. पुढची पिढी येईल की नाही हे एखाददुसऱ्या चांगल्या वर्षावर अवलंबून राहतं.

मोठं झाड किती काळ जागा धरून ठेवतं याचा सगळ्यात ठळक पुरावा उत्तर युटामध्ये आहे. 1950 च्या दशकात वॉल्टर कॉटम आणि रुडी ड्रोबनिक यांना सॉल्ट लेक सिटीच्या आसपासच्या डोंगरपायथ्यांवर गॅम्बेल आणि झुडूप ओक यांचे संकर सापडले. झुडूप ओक मात्र तिथे कुठेच नाही. तो आज शेकडो किलोमीटर दक्षिणेला थांबतो. वाऱ्यावरचे परागकण इतक्या दूर येऊन हे संकर झाले असतील हे पटण्यासारखं नव्हतं. 1959 मध्ये कॉटम, टकर आणि ड्रोबनिक यांनी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात मांडलं, की काही हजार वर्षांपूर्वी हवामान आजच्याहून उबदार असताना झुडूप ओक उत्तरेपर्यंत पोहोचला होता. पुढे थंडी वाढली, तो तिथून नाहीसा झाला, पण त्याचे संकर मुळांतून धुमारे फोडत उरले. ते संकर दरीच्या थंड तळावर नाहीत. रात्री थंड हवा खाली ओघळते तिच्या जरा वर, उबदार राहणाऱ्या उतारांच्या पट्ट्यात आहेत. एका जातीचे गुण ती जात गेल्यावरही हजारो वर्षं दुसऱ्या झाडात जिवंत राहिले.

मी ती झाडं पाहायला मुद्दाम गेले होते. शहराच्या पूर्वेकडच्या उतारावर, घरांच्या शेवटच्या ओळीच्या वर, अर्धी पानं हिरवी ठेवलेला तो पुंजका उभा होता. कॉटम हे चराईने उजाड झालेल्या युटाबद्दल पोटतिडकीने बोलणारे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. 1947 मध्ये त्यांनी ‘युटा सहाराच्या वाटेवर आहे का?’ या विषयावर व्याख्यान दिलं होतं. पुढे त्यांनी युटा विद्यापीठाच्या आवारात निरनिराळ्या ओकांचे संकर स्वतःच्या हातांनी करून लावले. कोरडेपणाची भीती वाटणाऱ्या माणसाने संकरित ओक लावावेत यात मला सरळ तर्क दिसतो: उद्याच्या जमिनीवर कोण टिकेल हे आज ठरवता येत नसेल, तर जास्तीत जास्त प्रकारची झाडं उभी ठेवावीत.

ही गोष्ट युटापुरती नाही. मिशिगनच्या उत्तर भागात ओलसर मातीचा तांबडा ओक आणि कोरड्या वाळूवर वाढणारा उत्तरी पिन ओक शेजारी राहतात आणि त्यांचा संकर होतो. तिथल्या संशोधकांना असं आढळलं, की जनुकसंचातला बराचसा भाग दोघांत मिसळलेला असूनही एका जनुकाच्या जागी दोन्ही जाती ठळकपणे वेगळ्या राहतात. मिसळणं चालू असूनही जागेला महत्त्वाचा असलेला फरक निवडीने टिकून राहतो. युरोपातल्या दोन पांढऱ्या ओकांवर थिबो लेरॉय, अँत्वान क्रेमर आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात संकरातून आलेली जनुकं थंड आणि ओल्या हवामानाशी जुळवून घेण्यात कामी आल्याचं दिसलं. म्हणजे हवामान कोरडं असो वा ओलं, ओक शेजाऱ्याकडून आधीच पारखलेले गुण घेऊ शकतो. स्वतःच्या जातीत नवा योग्य बदल घडण्याची वाट पाहायची तर ओकसारख्या दीर्घायुषी झाडाला फार काळ लागेल. हवामान तितका काळ थांबणार नाही.

या संकरांचा एक तोटाही डोळ्यांआड करता येत नाही. जिथे एखादी जात मुळातच थोडी उरली आहे, तिथे शेजारच्या बहुसंख्य जातीशी वारंवार संकर झाला तर तिची ओळख पुसली जाऊ शकते. दक्षिण कॅलिफोर्नियातला एंगलमान ओक वस्त्यांच्या रेट्याने आक्रसला आहे आणि तो तिथल्या दुसऱ्या झुडपी ओकांशी संकर करतो. तिथे संकर किती स्वागतार्ह हा प्रश्न गंभीर आहे. माझं मत असं, की जात वाचवायची म्हणजे तिची जागा वाचवायची. जागा असली तर शुद्ध झाडं आणि मिश्र झाडं दोन्ही आपापल्या उतारावर राहतात. जागा गेली की दोघांपैकी कोणीच राहत नाही.

भारतात परत आल्यावर मी आता कोरडवाहू भागातल्या वृक्षलागवडीत काम करते. आमच्याकडे ओक लावायचा प्रश्नच नाही. इथल्या झाडांची नाती वेगळी, पाऊस वेगळा. पण रोपवाटिकेत उभी राहिले की तिथला उतार माझ्या निर्णयांत असतो. एकसारखी, एका उंचीची, एका आईच्या बियांची रोपं पाहायला सुरेख वाटतात. कोरड्या वर्षात ती एकदमच तगतात किंवा एकदमच मरतात. म्हणून आम्ही कडुलिंब, बोर, हिवर, खैर यांचं बी एका झाडावरून घेत नाही. डोंगरावरच्या, ओढ्याकाठच्या, माळावरच्या अनेक झाडांचं बी एकत्र करतो आणि जरा वेडीवाकडी, ठेंगणी, उशिरा पालवणारी रोपंही टाकून देत नाही. त्यांच्यातलं कोणतं झाड पुढच्या दुष्काळाला पुरेल हे आम्हाला आज दिसत नाही, आणि ते दिसतं असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

कोरड्या जमिनीला एकच उत्तर कधी पुरत नाही. युटाच्या उतारावर ओकांनी हजारो वर्षं अनेक उत्तरं एकाच वेळी उभी ठेवली, म्हणून ते तिथे आहेत. तुमच्या गावात झाडं लावायचा विचार चालू असेल, तर रोपवाटिकेत पहिला प्रश्न हा विचारा: हे बी किती झाडांचं आहे, आणि ती झाडं कुठल्या मातीत उभी आहेत? उत्तर ‘एकाच झाडाचं’ असेल, तर दुसरं बी गोळा करायला माणूस पाठवा.